आधीचा आकडा

मुंबई-गोवा महामार्गावरून चिपळूणकडे येताना परशुराम घाट उतरण्याआधी जे सपाट पठार लागतं, ते लोटे. बसमधल्या झोपलेल्या माणसालाही ते कळतं, कारण वास बदलतो. गेली तीस-पस्तीस वर्षं मी या पठाराच्या आसपास राहिलो. जवळच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त आहे. हा लेख लिहायचं खरं कारण एक जुना प्रश्न आहे. तो मला वर्गात विचारला गेला तेव्हा मी उत्तर दिलं नाही, आणि नंतर उत्तर शोधायला गेलो तेव्हा तीन वेगवेगळ्या विद्याशाखांच्या दारांत जाऊन उभा राहिलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला दाभोळ खाडीकाठच्या गावातला एक मुलगा होता. घर भोयांचं, आजोबा पाग टाकायचे, आजी पाटी घेऊन बाजाराला जायची. गायगर-म्यूलर गणकाचा प्रयोग चालू होता. त्याने आकडे वहीत उतरवले आणि सहज विचारलं, "सर, आमच्या खाडीत आधी किती मासळी मिळायची, ते कुठं लिहिलेलं असेल का?" मी म्हणालो, "असेल की. गॅझेटियर बघ." शिक्षकाने टाळायचं ठरवलं की तो पुस्तकाचं नाव सांगतो.

त्या प्रश्नाचा त्या प्रयोगाशी काय संबंध, हे मला रात्री कळलं.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की, आधी रिकामं मोजायचं. नमुना ठेवायच्या आधी गणक नुसता चालू करून पाच-दहा मिनिटं बसायचं. समोर काही नसतानाही तो टिकटिकत राहतो. वरून विश्वकिरण येत असतात, भिंतीच्या दगडात थोडं युरेनियम-थोरियम असतं, आपल्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियम-४० असतं. ही पार्श्वभूमी. मग नमुना ठेवून मोजायचं आणि त्यातून ती वजा करायची. पुणे विद्यापीठात मी एम.एस्सी. करत असताना आमचे सर रिकाम्या मोजणीला घाई करणाऱ्याची वही परत फेकायचे. नमुना पुन्हा मोजता येतो. रिकामी खोली एकदा दूषित झाली की संपलं, असं त्यांचं म्हणणं. तो मुलगा नेमकी खाडीची रिकामी मोजणी मागत होता.

लोट्याला कारखाने का आले, हे आर्थिक भूगोलाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला नकाशावर बोट ठेवून सांगता येईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची. मुंबई-ठाण्याची गर्दी बाहेर काढायची आणि मागास जिल्ह्यांना रोजगार द्यायचा, हे धोरण. रत्नागिरी जिल्हा मागास होताच; मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा अशी त्याची ओळख होती. पण मागास तालुके पुष्कळ होते. लोट्याच्या पदरात तीन गोष्टी एकत्र पडल्या: महामार्ग, जांभ्याचं मोकळं पठार आणि कोयनेचं पाणी.

यातली तिसरी गोष्ट विलक्षण आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागराला जायचं. साठच्या दशकापासून ते सह्याद्री पोखरून पश्चिमेला वळवलं, पोफळीला त्याची वीज केली आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं. एरवी उन्हाळ्यात गुडघाभर होणारी कोकणातली नदी बारमाही झाली. रासायनिक कारखान्याला लागतं ते मुबलक गोडं पाणी आणि वापरलेलं पाणी सोडायला उतार. लोट्याच्या पठाराला एका अंगाला वाशिष्ठी, दुसऱ्या अंगाला जगबुडी, आणि दोन्ही मिळतात त्या खाडीत, दाभोळला समुद्राला लागण्याआधी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे इथे रसायनं, कीडनाशकं, औषधांचा कच्चा माल, रंग यांचे कारखाने उभे राहिले. जागेची निवड पुस्तकी अर्थाने अचूक होती. तिच्या हिशेबात खाडी फक्त उताराच्या रकान्यात होती, एवढंच.

आता रिकामी मोजणी. महाराष्ट्रात ती करण्याची परंपरा नव्हती असं कुणी म्हणू नये. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचं घरन् घर, शेतन् शेत तपासून 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' लिहिलं आणि मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत ते १९१७ साली निघालं. कुणाचं कर्ज किती, जमिनीचे तुकडे किती, घरात धान्य किती महिने पुरतं, सगळं त्यात आहे. चार दशकांनी पां. दि. डिस्कळकरांनी त्याच गावाची फेरपाहणी केली. ती १९६० साली प्रसिद्ध झाली. आज पिंपळे सौदागर म्हणजे पिंपरी-चिंचवडमधल्या उंच इमारती. पण त्या जागी काय होतं आणि ते कसकसं बदललं, याचा हिशेब कागदावर आहे.

धनंजयराव गाडगिळांनी तर गोखले संस्थेत याचं शास्त्रच बसवलं. पुणे शहराची घरटी पाहणी त्यांनी १९३६-३७मध्ये केली, आणि संस्थेने १९५३-५४मध्ये तिची फेरपाहणी केली. वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी वेगळी. या सगळ्यांचा ओढा घाटावर. कोकणाचा अभ्यास झाला तो बहुतेक गिरणीच्या फाटकापाशी. कुंज पटेल यांनी मुंबईतल्या कामगारांवर जो प्रबंध लिहिला, त्यातला कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला आहे. म्हणजे गाव सोडून गेलेला माणूस मोजला गेला. गावात राहून पाग टाकणारा कुणी मोजला नाही. मला यात कुणाचा कट दिसत नाही. पुण्याहून पिंपळे सौदागरला सायकलने जाता यायचं. खाडीकाठच्या वाडीवर जायला लाँच, मग होडी, मग चिखल. संशोधकालाही संध्याकाळी घरी जायचं असतं.

मग उरली जनगणना. एका उन्हाळ्याच्या सुटीत मी तो मुलगा आणि त्याचा एक मित्र यांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्याच्या जनगणना हस्तपुस्तिका चाळत बसलो. या पुस्तिकांत गावनिहाय तक्ते असतात: घरं किती, माणसं किती, काम करणारे किती आणि कुठल्या प्रकारात. आम्हाला वाटलं, झालं काम. खाडीकाठच्या गावांची यादी करायची आणि मासेमारांचा रकाना उतरवून घ्यायचा.

१९६१ सालच्या तक्त्यात कामगारांचे नऊ वर्ग आहेत. मासेमारी आहे तिसऱ्या वर्गात. पण एकटी नाही. त्याच वर्गात खाणी आहेत, दगड काढणं आहे, गुरं पाळणं आहे, जंगलकाम आहे, शिकार आहे आणि वर फळबागाही आहेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यात जांभ्याचा चिरा काढणारा, गुराखी, आंब्याच्या कलमांवर राबणारा आणि भोई हे एका आकड्यात. १९७१ साली खाणी बाहेर गेल्या, बाकीचे तसेच एकत्र राहिले. आणि १९८१ साली, म्हणजे लोट्याचे कारखाने सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या गणनेत, गावपातळीवरचे वर्ग चारच उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. खाडीत जाळं टाकणारा 'इतर' झाला. कारखान्यात पाळीवर जाणाराही 'इतर'. एका गावातल्या वीस माणसांनी होडी सोडून कारखान्यात नोकरी धरली असती, तरी तक्त्यातला आकडा हलला नसता.

मुलाने हे पाहिलं आणि हसला. मला हसू आलं नाही.

वैद्यकाकडे गेलो तो थोड्या आशेने. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या कर्करोग संशोधनाचे आद्य पुरुष, टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांचं वैशिष्ट्य असं की, सूक्ष्मदर्शकाखालची पेशी बघताना ती कुठल्या गावच्या, कुठल्या चालीरीतीच्या माणसाची आहे हे ते विचारायचे. धोतर कमरेला जिथे वर्षानुवर्षं घट्ट काचतं तिथे होणारा कर्करोग त्यांनी नोंदवला. तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावर संघवी आणि राव यांच्यासह त्यांचा लेख १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हा रोगाचा भूगोलच होता. पण रुग्णालयात आलेल्या रोग्यांवरून एवढंच कळतं की आलेल्यांत काय आहे. किती लाखांत किती, हे कळायला अख्ख्या लोकवस्तीची नोंद लागते. अशी देशातली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, १९८७ साली. लोट्याच्या चिमण्या तोवर धूर सोडू लागल्या होत्या.

नोंद असली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण केरळात करुनागपल्लीला आहे. तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट, त्यात थोरियम. त्यामुळे पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग आपल्या बेसॉल्टच्या मुलखापेक्षा कितीतरी जास्त. १९९० साली तिथे कर्करोग नोंदणी सुरू झाली, घरोघरी मात्रा मोजल्या गेल्या, जवळजवळ ७०,००० माणसांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ माग ठेवला गेला. २००९ साली निष्कर्ष आला: जास्त किरणोत्सर्ग असलेल्या घरांत कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही. यावर वाद आहेत, आणि असायलाही हवेत. पण तो आकड्यांवरचा वाद आहे.

अणुऊर्जेच्या लोकांना ही शिस्त अंगवळणी पडलेली आहे, हे त्यांच्या टीकाकारानेही मान्य करावं. अणुभट्टी सुरू होण्याच्या आधी तिथली माती, पाणी, मासे, दूध तपासणारी परिसर प्रयोगशाळा बसवायची, ही भाभा अणुसंशोधन केंद्राची रीत आहे. अणुवीज केंद्रांच्या परिसरात कर्करोग नोंदण्या टाटा स्मारक केंद्राने उभ्या केल्या, आणि त्या केंद्राशी जोडलेली नोंदणी रत्नागिरी जिल्ह्यातही चालते. जैतापूरचा प्रकल्प, म्हणजे राजापूर तालुक्यातली माडबनची ९,९०० मेगावॉटची योजना, गेली पंधरा-वीस वर्षं कागदावर आहे. तिच्यापायी आंदोलनं झाली, २०११ साली साखरी नाट्याला गोळीबार झाला, त्यात एक जीव गेला. न झालेल्या प्रकल्पाच्या जिल्ह्यात आता मोजणी आहे. झालेल्या कारखान्यांच्या आधीची मात्र नाही. जैतापूरला माझा विरोध आहे की पाठिंबा, हे इथे सांगत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय, आणि तो लिहिला तर निम्मे मित्र जातील.

इथे थोडं आडवळण घेतो. आमच्या खेडला गावातच गरम पाण्याचं कुंड आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे, संगमेश्वरकडे आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरला उन्हाळे, अशी ही झऱ्यांची ओळ किनारा आणि सह्याद्री यांच्या मधून दक्षिणोत्तर जाते. माझे वडील खरजेसाठी उन्हवऱ्याला जायचे आणि बरे होऊन यायचे. आईच्या मते ते गंधकाने, वडिलांच्या मते देवाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गरम झऱ्यांचा गुण त्यांतल्या किरणोत्सर्गात आहे अशी युरोपात समजूत होती आणि ती इथेही आली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फादर स्टाइशेन यांनी पंचमहालातल्या तुवा इथल्या गरम झऱ्यांचा किरणोत्सर्ग मोजला. तो काळानुसार कसा बदलतो यावरचा त्यांचा लेख १९१६ साली फिलॉसॉफिकल मॅगझीनमध्ये छापून आला. म्हणजे मॅनसाहेब पिंपळे सौदागरात गुरं मोजत होते, त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाच्याच एका महाविद्यालयातला जेसुइट पाद्री झऱ्यातली अणुकेंद्रं मोजत होता. दोघांनाही आपल्या आकड्यांचं पुढे कोण काय करील हे ठाऊक नव्हतं. झऱ्यातला रेडॉन खरूज बरी करत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. स्टाइशेन यांची समजूत काहीही असो, त्यांचं मोजमाप अजून वापरता येतं.

परत लोट्याला येतो. २०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली, अध्यक्ष माधव गाडगीळ. धनंजयरावांचे हे चिरंजीव. वडिलांनी शहरं आणि शेतं मोजली, मुलाने जंगलं. समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा भाग आहे आणि त्यात लोटे आहे: सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला न पेलणारं पाणी, प्रदूषणावर लक्ष ठेवणारा स्थानिक अभ्यासगट, खाडीतली घटलेली मासळी. आणि तिथे एक वाक्य आहे, ज्याच्यासाठी मी तो अहवाल तीनदा वाचला. लोट्याच्या उद्योगांतला रोजगार ११,०००च्या घरात, आणि खाडीतले २०,००० मासेमार बेकार झाले असा मच्छीमारांचा दावा. तो दावा अहवालाला विश्वासार्ह वाटतो.

वाटतो. गाडगिळांचा मुलगा यापेक्षा पुढे जाऊ शकला नाही. ११,००० हा मोजलेला आकडा, कारण कारखान्याला हजेरीपट असतो. २०,००० हा दावाच राहिला, कारण खाडीला हजेरीपट नसतो. उद्योगांची बाजू मांडणारे नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि तर्काने ते चुकत नाहीत. शिवाय दुसरीही गुंतागुंत आहे, जी आमच्या बाजूचे लोक बोलायला नाखूश असतात. कारखान्यांच्या आधीच कोयनेचं गोडं पाणी बारमाही खाडीत येऊ लागलं होतं. खाऱ्या-गोड्याचा तोल तेव्हाच बदलला असणार, आणि खाडीतली मासळी त्या तोलावर जगते. पुढे वाळूचा उपसा आला, समुद्रात यांत्रिक नौका आल्या. खाडी कुणी मारली, या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नाही. मेलेले मासे काठाला लागलेले मी स्वतः पाहिले आहेत, एकदा नव्हे. त्या दिवशी काय झालं ते सांगता येतं. पन्नास वर्षांत काय झालं ते सांगायला वजाबाकी लागते, आणि वजा करायचा आकडाच नाही.

मग पदार्थविज्ञानच मदतीला येईल असं मला काही वर्षं वाटत होतं. खाडीचा गाळ थरावर थर साचतो. हवेतल्या रेडॉनपासून तयार होणारं शिसं-२१० पावसाबरोबर खाली येतं आणि गाळात अडकतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचं, त्यामुळे शंभरेक वर्षांपर्यंतच्या थरांचं वय काढता येतं. त्याला ताडून बघायला सीझियम-१३७ आहे. महासत्तांनी वातावरणात केलेल्या अणुस्फोटांतून ते साऱ्या पृथ्वीवर पसरलं आणि १९६३च्या सुमाराला त्याची धूळ सर्वांत जास्त खाली आली. जगातल्या कुठल्याही शांत तळ्याच्या गाळात ती खूण सापडते. गाळाची उभी नळी काढायची, ती खूण शोधायची, तिच्या वरचे थर आणि खालचे थर यांतले धातू मोजायचे. लोट्याच्या आधीची खाडी अशी अजून मोजता येईल. दुसऱ्या कुणाच्या बॉम्बने आपल्या चिखलावर तारीख टाकून ठेवली आहे!

अडचण 'शांत' या शब्दात आहे. वाशिष्ठी शांत नाही. २००५ आणि २०२१च्या जुलैमधले पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. अशा पुरात वरचा गाळ खाली, खालचा वर. जिथे वाळू उपसली तिथे थरच नाहीत. तरी एखाद्या आडबाजूच्या, कांदळवनातल्या कोपऱ्यात नशीब असेल तर मिळेल. मिळालं तर पारा, क्रोमियम, शिसं यांचा आधीचा आकडा मिळेल. पाटीत किती बोय, किती शेंगटी, किती कोळंबी होती ते गाळात मिळणार नाही. कोण किती वर्षं जगला, बाळ किती वजनाचं जन्मलं, तेही नाही. सावर्ड्याजवळ डेरवणच्या रुग्णालयाने आता कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. पुढच्या कुणाला तरी ती रिकामी मोजणी होईल, जरी खोली रिकामी राहिलेली नसली तरी.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. लोट्यातच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, नमुने तपासतो. मागच्या मे महिन्यात त्याने मला घरी बोलावलं. आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, घराचा माळा मोकळा करायचा होता आणि वर जुनी जाळी सापडली होती. सुताची, करवंदाच्या जाळीसारखी गुंतलेली, उंदरांनी खाल्लेली. आम्ही ती अंगणात पसरली. त्याची आजी खुर्चीवर बसून होती. जाळ्याचा डोळा बोटांनी मोजतात. बोटं घालून बघायची, किती मावतात. डोळा ठरतो तो मासळीवरून, कारण जी मिळणारच नाही तिच्यासाठी कुणी रात्ररात्र जाळं विणत बसत नाही. म्हातारीने एकेका जाळ्यावर हात ठेवून सांगितलं, हे कोळंबीचं, हे बोयांचं, हे तांबोशीचं. एकाला तिने नाव सांगितलं, ते मी कधी ऐकलेलं नव्हतं आणि तिच्या नातवानेही नाही.

पाच जाळी, पाच वेगळे डोळे. आज त्या घरात एकच जाळं आहे, नायलॉनचं, बारीक डोळ्याचं, आणि ते त्याचा धाकटा भाऊ पावसाळ्यात हौसेने टाकतो.

"सर, हा आकडा धरायचा का?" त्याने विचारलं.

मी खिशातून पट्टी काढली आणि डोळे मिलिमीटरमध्ये मोजायला सुरुवात केली. एकेका जाळ्याचे दहा-दहा, मग सरासरी. तो उतरवून घेत होता. चौथ्या जाळ्याला उंदरांनी बरंच खाल्लं होतं, त्याचे सातच मिळाले.